ड्राफ्टमध्ये ४३, दोन वर्षांत प्रकाशित शून्य: आणखी कोण आहे माझ्यासारखं?

मसुदेबाज

काल रात्री झोप येईना म्हणून ब्लॉगचा डॅशबोर्ड उघडला. ड्राफ्ट ४३. शेवटची प्रकाशित नोंद दोन वर्षांपूर्वीची, नाव 'बऱ्याच दिवसांनी...'. पहिलं वाक्य, 'आता मात्र नियमित लिहायचं ठरवलंय.' तिच्या आधीची नोंद उघडली. ती त्याहून चौदा महिने जुनी. पहिलं वाक्य, 'मध्यंतरी लिहिणं जरा मागे पडलं, पण आता...'

म्हणजे माझा ब्लॉग हा मुख्यतः ब्लॉग न लिहिल्याबद्दलचा माफीनामा आहे.

ड्राफ्टची शिर्षकंही बघा. 'नवीन', 'नवीन २', 'नवीन शेवटचं', 'हे नक्की', 'हे नक्की नाही'. एकाचं नाव नुसतं 'ल'. आतही काही नाही. कसला ल, काय सांगायचं होतं, काही आठवत नाही, पण खोडायची हिंमत होत नाही. न जाणो, चांगला ल असेल.

आपापली रडगाणी इथे गा. उपाय असतील तर तेही द्या. फक्त 'रोज पहाटे उठून ५०० शब्द लिहा' असं सांगणाऱ्यांनी, स्वतः किती पहाटा लिहिलं ते आधी सांगावं ही विनंती.

ऱ्हस्वदीर्घ

'शिर्षक' नव्हे, 'शीर्षक'. शी दीर्घ. शुध्दलेखनाची इतकी हेळसांड असेल तर मसुदे मसुदेच राहिलेले बरे.

खोडरबर

'शुध्द' नव्हे, 'शुद्ध'. द ला ध जोडायचा, ध ला द नाही. हलकेच घ्या.

तळटीप

यालाही एक नियम आहे. 'जे बिघडू शकतं ते बिघडतंच' म्हणणाऱ्या मर्फीचा नव्हे, मफ्रीचा. जॉन बँग्सुंड नावाच्या ऑस्ट्रेलियन संपादकांनी १९९२ मध्ये मांडला. दुसऱ्याच्या लेखनातल्या चुका काढणारं काही लिहिलंत की त्यात तुमची स्वतःची एक चूक राहणारच. नियमाच्या नावातलं स्पेलिंगसुद्धा मुद्दाम चुकवलेलं आहे.

ऱ्हस्वदीर्घ

माझा टंकनदोष होता.

खोडरबर

त्यांचाही टंकनदोषच होता हो.

वाचनमात्र

'ल' ला साष्टांग नमस्कार. मी स्वतः लिहीत नाही, नुसती वाचते. पण इतकी वर्षं वाचतेय की माझंही एक रडगाणं साचलंय. क्रमशःकर कुठे आहेत? त्यांच्या रहस्यकथेचा सहावा भाग येऊन तीन वर्षं झाली. वाड्यात दिवे गेले, कोणीतरी जिन्यावरून खाली आलं, आणि 'क्रमशः'. माझी आई ती कथा माझ्याकडून ऐकायची. तिला दिसायला कमी झालंय, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवते. ती अजूनही अधूनमधून विचारते, 'त्या जिन्यावरच्याचं काय झालं गं?' काय सांगू तिला? तीन वर्षं माणूस जिन्यावरच उभा आहे.

नवा_गडी

माझा ब्लॉग एक महिन्याचा. रोज ११ वाचक येतात. प्रतिसाद मात्र एकही नाही. कोणी वाचतंय की नाही हे कसं कळणार?

मसुदेबाज

नवा_गडी, स्वतःच्या भेटी मोजल्या जाऊ नयेत अशी सोय सेटिंगमध्ये असते. ती चालू केली आहेस का?

नवा_गडी

आता केली. वाचक २.

तळटीप

त्या दोनांतला एखादा सर्च इंजिनचा बॉट असू शकतो. त्यालाही वाचक म्हणायला माझी हरकत नाही, न कुरकुरता सगळं वाचतो बिचारा.

जोक बाजूला ठेवू. प्रतिसाद नाही म्हणजे वाचक नाही असं समजू नकोस. वेबसाइटी लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांविषयी एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं. साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून तोंड उघडतात आणि उरलेला १ टक्का बहुतेक सगळा मजकूर पाडतो. वाचनमात्र यांच्यासारख्यांचंच इथे बहुमत आहे. फक्त ते हात वर करत नाहीत.

वाचनमात्र

हात वर केला तर क्रमशःकर दिसतील का?

निळी_शाई

मला एक साधी अडचण आहे. 'दऱ्या' मधला तो आडव्या रेघेचा र मला टाइप करता येत नाही. दर वेळी डोक्यावर रफार चढतो. मागे मी डोंगरातल्या भटकंतीवर लेख लिहिला, नाव द्यायचं होतं 'दऱ्याखोऱ्यांतून'. छापून आलं 'दर्याखोर्यांतून'. खाली पहिलाच प्रतिसाद, 'वा! बोटीने गेला होतात का?' कोणी सांगेल का कसं लिहायचं?

भूतपूर्व_ब्लॉगर

मसुदेबाज, तुमच्या ४३ ड्राफ्टवरून जुने दिवस आठवले. थोडं अवांतर होईल, सांभाळून घ्या.

आम्ही सुरुवात केली तेव्हा मराठीत लिहायचं म्हणजे आधी फॉन्टशी कुस्ती. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला आपली कविता म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि टिंबं यांची रांगोळी दिसायची. काहीजण लेखाचं चित्र काढून चिकटवायचे. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण ती आपल्या कंप्युटरपर्यंत पोचून नीट दिसायला बरीच वर्षं गेली. 'ॲ' हे अक्षर तर थेट २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. तोवर आम्ही 'ऍ' वर भागवत होतो. जुन्या ब्लॉगांवर तो अजून तसाच डोक्यावर चंद्र घेऊन बसलेला दिसेल.

शब्दाचीही गंमत आहे. 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गर यांनी १९९७ मध्ये वापरात आणला. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी आपल्या साइटच्या कोपऱ्यात तो थट्टेने मधोमध तोडला, 'वी ब्लॉग'. तो तुकडा टिकला. आपल्याकडे कोणी जालनिशी म्हणालं, कोणी अनुदिनी. अनुदिनी म्हणजे रोज लिहायची वही. त्या नावाची लाज वाटूनच बहुधा सगळे परत ब्लॉग म्हणायला लागले.

आणि आमच्या वाचकांना खरा फटका बसला तो १ जुलै २०१३ ला. गूगल रीडर बंद झालं. तोवर शंभर ब्लॉग एका पानावर दिसायचे. आपण सहा महिन्यांनी लिहिलं तरी वाचकाला आपोआप कळायचं. त्या दिवसानंतर लिहायचं आणि दवंडीही आपणच पिटायची अशी दोन कामं झाली. लिहिणारे बरेच होते, दवंडी पिटायला लाजणारे त्याहून जास्त. मी त्यातलाच, म्हणून भूतपूर्व.

खोडरबर

काका, हे एवढं लिहिलंत ते नोंद म्हणून का नाही टाकलं?

भूतपूर्व_ब्लॉगर

प्रतिसादात लिहिताना कोणी बघत नाही असं वाटतं.

मसुदेबाज

अगदी! माझंही हेच. इथे मी पाचशे शब्द हां हां म्हणता लिहितो. ब्लॉगची पांढरी चौकट उघडली की गळ्यात हार घालून व्यासपीठावर बसवल्यासारखं होतं. मग पहिलं वाक्य येतं, 'आजच्या धकाधकीच्या जीवनात...'

खोडरबर

सापडलं तुमचं दुखणं. मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे लेख तपासते, त्यामुळे हे वाक्य मला रोज कोणा ना कोणाच्या हातून भेटतं. माझी एक युक्ती सांगते. लेख ब्लॉगच्या चौकटीत लिहूच नका. मेलमध्ये लिहा, एका माणसाला उद्देशून. वर 'अगं, ऐक ना' लिहायचं आणि सुरू करायचं. झालं की 'अगं, ऐक ना' खोडायचं. बहुतेक वेळा तेवढंच खोडावं लागतं.

एखादा ड्राफ्ट इथे टाका बघू. 'ल' सोडून.

निळी_शाई

माझ्या र चं काय?

मसुदेबाज

ड्राफ्ट क्रमांक १७, 'नवीन शेवटचं'. सुरुवात देतो, हसू नका.

'आजच्या धकाधकीच्या जीवनात माणूस माणसापासून दुरावत चालला आहे. विज्ञानाने अफाट प्रगती केली, परंतु संवाद मात्र हरवला. शेजारी कोण राहतं याचीही आपल्याला कल्पना नसते. याचाच प्रत्यय मला नुकताच एका प्रसंगातून आला. त्याचं असं झालं की, परवा मी ऑफिसच्या लिफ्टने वर जात असताना अचानक वीज गेली आणि लिफ्ट मध्येच अडकली. लिफ्टमध्ये माझ्याव्यतिरिक्त आणखी दोन व्यक्ती होत्या. आम्ही गेली सहा वर्षं एकाच लिफ्टने ये-जा करत होतो, परंतु एकमेकांची नावंही आम्हाला ठाऊक नव्हती.'

खोडरबर

अहो, लिफ्ट पाचव्या वाक्यात येते! तोवर वाचक जिन्याने घरी गेला.

पहिली चार वाक्यं काढा. ती कुठल्याही लेखाला चिकटतात, म्हणजे कुठल्याच लेखाची नाहीत. 'त्याचं असं झालं की' काढा. 'अचानक' काढा, वीज नोटीस देऊन जात नाही. आणि 'व्यक्ती' कोण हो? माणसं ना ती?

आता सांगा, सहा वर्षांत तुम्ही तिघं एकमेकांशी काहीच बोलला नव्हतात?

मसुदेबाज

'कितवा?' एवढंच. बटणाजवळ जो असेल तो विचारतो, बाकीचे आकडा सांगतात.

खोडरबर

मग लेखात ते का नाही? तीच तर सुरुवात!

वाचनमात्र

मी बघू प्रयत्न करून? 'लिफ्ट अडकली तेव्हा आत आम्ही तिघं होतो. गेली सहा वर्षं आम्ही एकमेकांशी एकच शब्द बोलत आलो होतो. कितवा?'

खोडरबर

आणि म्हणे मी लिहीत नाही, नुसती वाचते.

ऱ्हस्वदीर्घ

लिफ्टला मराठीत उद्वाहन म्हणतात.

मसुदेबाज

'उद्वाहन अडकलं तेव्हा' असं लिहिलं तर वाचक आधी शब्दात अडकेल, मग लिफ्टमध्ये.

नवा_गडी

पुढे काय झालं लिफ्टमध्ये?

मसुदेबाज

तिघांपैकी एकाला बंद जागेची भीती वाटते. हे सांगितल्यावर तो रडायला लागला. दुसऱ्या बाई त्याला त्यांच्या टीममधल्या भांडणांचे किस्से सांगत बसल्या, मुद्दाम तपशीलवार, कोण कोणाला काय म्हणालं ते आवाज काढून. चाळीस मिनिटं. दार उघडलं तेव्हा तो म्हणाला, 'थांबा, तिने मग मेल पाठवला का ते तरी सांगा.'

खोडरबर

हे तुमच्या ड्राफ्टमध्ये आहे?

मसुदेबाज

नाही. ड्राफ्टमध्ये पुढे 'या प्रसंगाने मला अंतर्मुख केलं' असं आहे.

खोडरबर

(डोकं टेबलावर आपटल्याचा आवाज)

निळी_शाई

मंडळी, मी शोध घेतला. 'दऱ्या' मधला तो र युनिकोडमध्ये नाहीच. तसा र लिहिणं शक्य नाही, त्यामुळे आता सगळ्यांनी 'दर्या' असंच लिहायला हवं.

तळटीप

निळी_शाई, काहीतरीच काय! अहो, आहे. त्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे, 'ऱ', युनिकोडमध्ये ०९३१. साधा र म्हणजे ०९३०. इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर साध्या र च्याच कळीवर शिफ्ट दाबा की ऱ उमटतो. मग हलन्त, मग य. ऱ्य तयार.

ऱ्हस्वदीर्घ

साफ चूक! 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक आहे की नाही? पहिल्यांना वाकून नमस्कार करायचा असतो, दुसऱ्यांना पंगत किती जणांची ते सांगायचं असतं. हा र गेला तर दोघांची गल्लत होईल. तो लिहिता येत नाही असं म्हणवतं कसं तुम्हाला?

भूतपूर्व_ब्लॉगर

दुसराही एक रस्ता आहे. साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे २००डी हा न दिसणारा कोड, आणि मग य. आमच्या काळात बरेच टंकनप्रकार असंच लिहायचे. दिसायला दोन्ही सारखे. फक्त कंप्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द, त्यामुळे एका पद्धतीने शोधलंत तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडेलच असं नाही. माझ्या जुन्या ब्लॉगवर 'ऱ्हास' शोधला तर मिळत नाही. तिथे ऱ्हास झालाच नाही असं मी समजून चालतो.

निळी_शाई

धन्यवाद, मिळालं. नीट विचारलं तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही, नंतर आठवणही करून दिली, तरी नाही. ठासून चुकीचं लिहिलं तर तिघं धावत आले. ;)

तळटीप

फसवलंत की! यालाही नाव आहे. कनिंगहॅमचा नियम. इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. ज्या वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावावर हा नियम खपवला जातो, त्यांनी १९९५ मध्ये पहिली विकी, म्हणजे कोणीही येऊन मजकूर बदलू शकेल अशी साइट, सुरू केली. लोकांना दुसऱ्याची चूक दुरुस्त करायला किती आवडतं हे त्यांना कळलं नसेल तर कोणाला कळणार?

मसुदेबाज

तळटीप, तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला नियम आहे. मग तुमचा ब्लॉग का नाही?

तळटीप

होता. एका स्मायलीने खाल्ला.

हसू नका, खरं सांगतोय. एका होस्टिंगवर माझा ब्लॉग होता, नाव राहू द्या. दोन हजार शब्दांचा लेख टाकला, सहाव्या ओळीत एक हसरा चेहरा. प्रकाशित केला, बघतो तर लेख पाच ओळींचा. स्मायली आणि तिच्यापुढचं सगळं गायब. मला वाटलं मीच खोडलं. पुन्हा चिकटवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर डोळ्यांत पाणी आलं, आणि समोर स्क्रीनवर जागा होती फक्त हसऱ्या चेहऱ्याची.

कारण नंतर कळलं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह ३ बाइट घेतं. 'क्षि' दिसायला एक, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे, म्हणजे १२ बाइट. बहुतेक इमोजींना मात्र एकेकट्याला ४ बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'यूटीएफ-८' नावाचा जो जुना प्रकार होता तो एका चिन्हाला ३ बाइटच्या वर द्यायचाच नाही. मराठी मावायची, इमोजी नाही. आणि सेटिंग ढिलं असेल तर डेटाबेस तक्रार न करता इमोजीपासून पुढचं सगळं कापून टाकायचा. ४ बाइटवाला नवा प्रकार २०१० मध्ये आला, पण जुने तक्ते जुन्याच मापाचे राहिले.

ज्यांचा ब्लॉग जुना आहे त्यांनी चाचणी करून बघा. एक खोटी नोंद टाका, मधे इमोजी, शेवटी 'इति'. 'इति' दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर हसायचं असेल तेव्हा कंस आणि दोन टिंबं वापरा, ती साधी अक्षरं आहेत. आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. ब्लॉगच्या चौकटीत थेट लिहू नका हे खोडरबरताई वेगळ्या कारणाने सांगतायत, मी या कारणाने सांगतोय.

नवा_गडी

केली चाचणी. 'इति' दिसलं. वाचक ३ झाले.

निळी_शाई

हरवलेल्या लेखांचं निघालंच आहे तर चोरीला गेलेल्यांचंही ऐका. मी आजीच्या शिवणयंत्रावर लिहिलं होतं. चार महिन्यांनी तो लेख कायप्पावर (व्हॉट्सॲपवर) माझ्याच मावशीने मला पाठवला. माझं नाव गेलेलं, खाली 'अनामिक', त्याखाली सहा फुलं आणि 'डोळे पाणावले, जरूर पुढे पाठवा'. आणि वर मावशीची ओळ, 'तूही असं काहीतरी लिहीत जा.'

अगं मावशी, ती आजी तुझी आई आहे!

वाचनमात्र

:)) :)) मावशीला कळलं नाही?

निळी_शाई

म्हणाली, 'वाचताना वाटलंच, कोणाची तरी आजी अगदी आपल्या आईसारखी आहे.'

भूतपूर्व_ब्लॉगर

नाव तळाला ठेवू नये, हा धडा मीही असाच शिकलो. पुढे पाठवणारा आधी शेपूट कापतो. नाव मजकुरातच गुंफायचं. आजी नातीला हाक मारते ना? मग ती हाक नावानिशी लिहा. तो संवाद काढला तर लेख लुळा पडतो, त्यामुळे कोणी काढत नाही. मालकी सिद्ध करायला तुमच्या ब्लॉगवरची तारीख बहुधा पुरते. बर्न करारातलं, त्याच्या १९०८ च्या दुरुस्तीपासूनचं तत्त्व असंच आहे की लिहिलं की हक्क लेखकाचा, त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. पण मावशीला बर्न करार दाखवून उपयोग नाही.

क्रमशःकर

धागा वर आल्यावर माझं नाव दिसलं. गेले दोन दिवस लपून वाचतोय. वाचनमात्र, आईंची माफी मागायला आलोय.

खरं कारण सांगतो. तिसऱ्या भागाखाली एका वाचकाने प्रतिसाद दिला होता, 'खुनी तो पुतण्या असणार, त्याचे बूट ओले होते.' बरोबर होतं. मी बूट मुद्दाम ओले ठेवले होते, पण सातव्या भागात लक्षात यावेत असे. तिसऱ्याच भागात पकडल्यावर माझा धीर गेला. चौथ्या, पाचव्या, सहाव्या भागात मी नवे संशयित आणत राहिलो, एक माळी, एक वकील, कोणी एक अनोळखी बाई. शेवटी मलाच कळेना खून कोणी केला. दिवे घालवले आणि पळालो.

खोडरबर

एकाने ओळखलं म्हणून? तो एक सोडून बाकीच्यांनी नव्हतं ओळखलं. आणि ज्याने ओळखलं तो तर तीन वर्षं वाट बघतोय की कोणीतरी म्हणेल, शाब्बास, बरोबर. त्याचाही आनंद मारलात तुम्ही.

माळी, वकील, बाई यांना सरळ घरी पाठवा. पुतण्यालाच ठेवा. फक्त त्याने का केला ते अजून कोणाला माहीत नाही ना? मग रहस्य तेच आहे.

ऱ्हस्वदीर्घ

एक सूचना, ती शुद्धलेखनाची नाही. (आणि बघा, बरोबर लिहिलं.) नियम १९६२ मध्ये १४ आले, १९७२ मध्ये आणखी ४, एकूण अठराच, ते कधीही पाठ होतील. पण मी कुठलाही मजकूर तपासताना मोठ्याने वाचतो. जिथे माझा श्वास संपतो तिथे वाक्य लांब आहे. जिथे मला लाज वाटते तिथे वाक्य खोटं आहे. क्रमशःकर, तुमचा सहावा भाग मी मोठ्याने वाचला होता. जिन्यापर्यंत मला एकदाही लाज वाटली नाही.

क्रमशःकर

तुम्ही वाचत होतात? तुम्ही तर फक्त 'जीन्याचा जि ऱ्हस्व हवा' एवढंच लिहिलं होतंत.

ऱ्हस्वदीर्घ

ऱ्हस्व हवाच होता. पण वाचल्याशिवाय दिसला का?

मसुदेबाज

टाकला. ड्राफ्ट १७ आता नोंद आहे. नाव 'कितवा?'. सुरुवात वाचनमात्र यांची, परवानगी व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) घेतली. अंतर्मुख कोणीच होत नाही, दार उघडतं आणि तो मेलचं विचारतो, तिथेच थांबवला.

पहिला प्रतिसाद चार मिनिटांत आला. 'छान. पु.ले.शु.', म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. दुसरा, 'मग तिने मेल पाठवला का?' हाच प्रश्न आत्तापर्यंत पाच जणांनी विचारलाय. आता मला त्या बाईंना गाठून विचारावं लागणार. त्यांचं नाव अजून माहीत नाही, मजला माहीत आहे.

नवा_गडी

मीपण विचारलंय तिथे. माझ्या आयुष्यातला पहिला प्रतिसाद.

मसुदेबाज

आणि 'ल' उघडून परत बघितला. खोडला नाही.

क्रमशःकर

भाग ७ आणि अंतिम टाकलाय. पुतण्याच आहे. माळ्याला एका वाक्यात गावी पाठवला, वकिलाला ताप आणला, बाईचं काय करावं ते सुचेना म्हणून ती चुकीच्या वाड्यात शिरली होती असं केलंय. इमोजी एकही नाही, 'इति' दिसतंय. वाचनमात्र, आईंना वाचून दाखवा आणि काय म्हणतात ते कळवा. मी इथेच बसलोय.

वाचनमात्र

आत्ताच वाचून संपवला. आई डोळे मिटून ऐकत होती. जिन्यावरचा माणूस खाली उतरला तेव्हा 'हं' म्हणाली. शेवट झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, 'पुतण्या ना? ते मी तेव्हाच म्हटलं होतं. तूच नाही का त्यांना लिहून पाठवलंस, बूट ओले आहेत म्हणून?'